गाठ काढल्यानंतर काय खायचे? पुणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे यांस,



मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या राहू बेटातल्या एखाद्या बाईच्या स्तनात कर्करोगाची गाठ आढळली, तर आज तिच्यासाठी सरकारी वाट आहे. 30 वर्षांवरील महिलांची तपासणी गावपातळीवर होते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागू शकतो. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय आपल्या यंत्रणेला दिलेच पाहिजे. पण उपचार संपवून, पाच-दहा वर्षे घ्यायच्या हार्मोनरोधक गोळ्या सोबत घेऊन ती घरी परतते, तिथे ही वाट संपते. आता खायचे काय, या तिच्या पहिल्याच प्रश्नाला जबाबदारीने उत्तर देणारे जवळपास कोणी नसते. म्हणून मागणी अशी, की रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांप्रमाणे या महिलांचे वजन आणि आहार यांवरही प्राथमिक आरोग्य केंद्राने वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे, आणि त्याची सुरुवात राहू परिसरातून करावी.

उत्तर देणारे कोणी नसले की ती जागा ऐकीव पथ्ये घेतात. नोव्हेंबर 2024 मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावर लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि साखर-दूध बंद करणे यांचा गुण आल्याचे जाहीरपणे सांगितले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावे लागले, की अशा दाव्यांना भक्कम पुरावा नाही आणि त्यांच्या नादाने कोणी उपचार लांबवू नयेत. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, हा भाग मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत मागे पडला. असल्या सल्ल्याने नुकसान कसे होते ते पाहा. हार्मोनरोधक गोळ्यांपैकी लेट्रोझोलसारख्या गोळीने हाडे ठिसूळ होतात. त्यातच दूध-दही बंद केले आणि कॅल्शियमची दुसरी सोय केली नाही, तर फ्रॅक्चरचा धोका वाढतो. आमटीतली हळद निर्धोक आहे, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या मिरीच्या अर्कासोबत घेतल्या तर टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनरोधक गोळीचा रक्तातला प्रभावी अंश घटू शकतो, असे रॉटरडॅमच्या संशोधकांना 2019 मध्ये आढळले. सोयाबीनची भीती तर सर्रास घातली जाते. शांघायमधल्या 5,042 रुग्ण महिलांच्या पाहणीत (2009) जेवणात सोया जास्त घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण उलट कमी दिसले.

मग आहाराने कर्करोग पुन्हा होणे टळते का? इथे प्रामाणिक राहायला हवे. अमेरिकेत 3,088 महिलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत भरपूर भाज्या, फळे आणि कमी चरबी असा आहार वर्षानुवर्षे दिला गेला. 2007 मध्ये निष्कर्ष आला, की सात वर्षांनंतरही आजार उलटण्यात किंवा मृत्यूत फरक पडला नाही. त्याआधीच्या 2,437 महिलांच्या चाचणीत कमी चरबीच्या आहाराने आजार उलटण्याचे प्रमाण काहीसे घटले होते, पण त्या महिलांचे वजनही सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास कमी झाले होते; 2007 च्या चाचणीत तसे झाले नव्हते. यावरून मी असे मानतो, की एखाद्या जादुई पदार्थाचा शोध सोडून वजन, स्नायू, हाडे आणि हृदय यांच्याकडे बघावे. वजन उतरवल्याने कर्करोगच टळतो असे सिद्ध झालेले नाही. पण उपचारांतून बऱ्या झालेल्या बाईला पुढे फक्त कर्करोगाचाच धोका असतो असेही नाही. अमेरिकेतल्या 66 वर्षांवरील रुग्ण महिलांच्या 2011 च्या अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंपेक्षा किंचित जास्त निघाले. केमोथेरपीतली काही औषधे हृदयावर ताण आणतात, पाळी अकाली जाते, हालचाल मंदावते. शिवाय लठ्ठपणामुळे शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका वाढतो, आणि खुरपणी-वेचणीवर पोट असणाऱ्या बाईचा हात सुजला की तिची मजुरी बुडते.

आता राहूचे ताट. हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. साखर वाईट आणि गूळ औषधी, ही समजूत इथे घट्ट आहे. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण उष्मांकांत तो साखरेच्या जवळपासच बसतो. अंगात ताकद यावी म्हणून घरचे प्रेमाने गुळाचा शिरा, तूप आणि सक्तीची विश्रांती देतात. नवसाच्या उपवासांना साबुदाणा आणि बटाटा असतो. अशाने वजन वाढते आणि स्नायू झडतात. उपाय मात्र याच शिवारात आहे: बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, मेथी, शेवग्याचा पाला, ताक, परवडत असेल तेव्हा अंडे, आणि रोजचे चालणे.

यावर पहिला आक्षेप येईल, की गरीब बाईला पोटभर मिळत नाही तिथे वजन कसले मोजता? आक्षेप रास्त आहे, पण माझ्या मागणीला तो बळच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 23.4 टक्के महिलांचे वजन जास्त, तर 20.8 टक्के महिलांचे प्रमाणापेक्षा कमी होते आणि 54.2 टक्के महिला रक्तक्षयी होत्या. शेजारशेजारच्या दोन घरांत एकीला खाणे आवरायला सांगावे लागेल आणि दुसरीला वाढवायला. म्हणूनच सरसकट पथ्याची यादी निरुपयोगी आहे. माणूस समोर बसवून, वजन करून सांगायला हवे. दुसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा. आशाताईंवर आधीच किती कामे लादली आहेत हे उघड आहे आणि त्यांच्यावर मोबदल्याशिवाय आणखी एक नोंदवही टाकू नये, असेच माझेही म्हणणे आहे. पण एका केंद्राच्या हद्दीत अशा महिला थोड्याच असतात आणि त्यातल्या अनेकींना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या तपासणीसाठी यावेच लागते. त्याच भेटीत समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने वजन नोंदवावे, हाताची सूज आणि जेवण विचारावे, हाडांच्या तपासणीची गरज वाटल्यास वरच्या रुग्णालयात पाठवावे. पुरावा पक्का नाही तर घाई कशाला, असे कोणी म्हणेल. पण मधुमेह, हाडे आणि हृदय यांसाठी वर सांगितलेलाच आहार लागतो, आणि त्याचा पुरावा पुरेसा पक्का आहे.

तेव्हा विनंती एवढीच: कर्करोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून सोप्या मराठीत एक पानाचे पत्रक तयार करून घ्या. त्यात बाजरी-मटकीचे प्रमाण असू द्या, गुळाबद्दल स्पष्ट लिहा आणि गोळ्या कोणत्याही पथ्यासाठी थांबवू नयेत हे ठळक छापा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्या आणि दर तीन महिन्यांनी या महिलांची नोंद ठेवायला सांगा. यासाठी नवी इमारत किंवा नवे यंत्र लागत नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात याची तरतूद करून राहूपासून काम सुरू करावे.

कळावे.

राहू बेटातील एक रहिवासी