चिरनेरचे आठ आणि जनगणनेचा रकाना

धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी पाटील, आलू बेमट्या म्हात्रे. चिरनेरच्या हुतात्म्यांची ही आठ नावे. दि. २५ सप्टेंबर १९३० रोजी आक्कादेवीच्या डोंगरावर जंगलचा कायदा मोडण्यासाठी निघालेल्या ग्रामस्थांवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि चिरनेर, मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे या सात गावांतील आठ घरांचे कर्ते पुरुष गेले. त्याच गोळीबारात सरकारी कामावर असलेले मामलेदार केशव महादेव जोशी हेही मृत्युमुखी पडले. निःशस्त्रांवर गोळी झाडण्यास त्यांचा विरोध होता, असे पंचक्रोशीत आजही सांगितले जाते.

१९३० साल म्हटले की दांडी आणि मूठभर मीठ आठवते. ते आठवावेच. परंतु जंगल सत्याग्रहाचा विषय आला, की बिळाशी, संगमनेर, कळवण, पुसद, चिरनेर अशी गावांची यादी एका ओळीत संपवून पुढच्या प्रकरणाकडे वळण्याची विद्वज्जनांची प्रथा आहे. विद्यार्थी ती यादी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. नवश्या कातकरी कोण होता, तो रघुनाथ न्हाव्याच्या आणि रामा कोळ्याच्या सोबत त्या डोंगरावर का होता, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडावा अशी योजनाही नसते.

हा प्रश्न अडचणीचा आहे. वनात राहणारा हा मूळचा निराळा, हिंदू समाजाशी त्याचा संबंध केवळ पिळवणुकीचा, असा जो सिद्धान्त इंग्रजांनी मांडला आणि स्वातंत्र्यानंतरच्या तथाकथित पुरोगामी विचारवंतांनी बिनतक्रार पुढे चालवला, त्या सिद्धान्तात चिरनेरची आठ नावे बसत नाहीत.

इंग्रजांचा हा उद्योग समजून घ्यायचा तर पनवेलचाच रस्ता पाहावा. मुंबईहून मचव्याने पनवेल बंदर गाठायचे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुणे, हा त्या काळचा राजमार्ग. गव्हर्नर माल्कम याने १८३० च्या नोव्हेंबरात बोरघाटाची गाडीवाट खुली केली. १८६३ साली याच घाटातून आगगाडी वर चढली. रस्ता आला तशी तोफ आणि पलटण सुलभपणे देशावर जाऊ लागली. लोहमार्ग आला तशी लाकडाची भूक वाढली. रुळाखाली लाकडी स्लीपर लागत, गोदीला साग लागे. १८६४ मध्ये जंगल खाते निघाले, १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा झाला, १८७८ मध्ये तो अधिक कठोर झाला आणि १९२७ मध्ये त्याला शेवटचे रूप आले. पिढ्यान्पिढ्या ज्या रानातून गवत, सरपण आणि राब यायचा, ते रान एका कागदाने सरकारचे झाले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हाच ज्यांचा धंदा आणि त्यावरूनच ज्यांचे नाव, ते कातकरी आपल्याच डोंगरात चोर ठरले.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. ऑस्ट्रेलियात विल्यम कॉक्स याने १८१४-१५ मध्ये कैद्यांकडून ब्लू माउंटन्स ओलांडणारा रस्ता सहा महिन्यांत बांधून घेतला. पलीकडे बाथर्स्टचे ठाणे वसले, मेंढ्यांचे कळप उतरले आणि विराजुरी लोकांच्या शिकारीच्या व कंदमुळांच्या जमिनी गेल्या. विंड्राडाइन या त्यांच्या योद्ध्याने प्रतिकार उभारला, तेव्हा ऑगस्ट १८२४ मध्ये गव्हर्नर ब्रिस्बेन याने तेथे लष्करी कायदा पुकारला. आधी रस्ता, मग मालकीचा कागद, शेवटी बंदूक. क्रम तोच. ती भूमी कोणाचीच नव्हती, हे गोऱ्यांचे गृहीतक तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले ते १९९२ साली, माबो खटल्यात. तोवर पावणेदोनशे वर्षे उलटून गेली होती.

मात्र बाथर्स्ट आणि चिरनेर यांत एक मूलभूत भेद आहे. विराजुरींच्या शेजारी जो वसाहतवाला राहत होता, तोच त्यांचा शत्रू होता. नवश्या कातकऱ्याचा शेजारी त्याच्या बरोबर गोळी खात होता.

हा भेद अपघाताने निर्माण झालेला नव्हे. कर्नाळ्याच्या पायथ्याशी, चिरनेरपासून फार दूर नाही अशा शिरढोणला १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. १८७९ मध्ये त्यांनी सशस्त्र उठाव केला, तेव्हा त्यांच्या पाठीशी सुशिक्षित पांढरपेशे उभे राहिले नाहीत. उभे राहिले ते रामोशी आणि कोळी. त्याही आधी, घाटवाटा आणि गडकोट राखणाऱ्या रामोशांचे हक्क इंग्रजांनी काढून घेतले, म्हणून उमाजी नाईक उठले आणि १८३२ मध्ये फासावर गेले. महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना हा धागा सलग आहे. तो तुकड्यातुकड्यांत दाखवायचा, एकाला ‘दरोडेखोर’, दुसऱ्याला ‘टोळीवाला’, तिसऱ्याला ‘दंगेखोर जमाव’ म्हणायचे, हे इंग्रजी दप्तराचे कसब.

त्या दप्तराचे सर्वांत घातक अपत्य म्हणजे जनगणनेचा रकाना. विसाव्या शतकाच्या आरंभी वनवासींची नोंद ‘अ‍ॅनिमिस्ट’ म्हणून होऊ लागली, १९३१ मध्ये ‘ट्रायबल’ धर्म म्हणून. गावदेवीला नारळ फोडणारा कुणबी हिंदू, आणि वाघोबाला नारळ फोडणारा कातकरी मात्र निराळ्या धर्माचा! ही रेषा खरी नाही, हे खुद्द सरकारी अधिकाऱ्यांनाच दिसत होते. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या जनगणनेचे काम पाहणाऱ्या सेजविक या इंग्रजाने हा रकानाच रद्द करून या लोकांना हिंदूंत धरावे, असे स्पष्ट मत दिले. तरीही रकाना राहिला, कारण तो सोयीचा होता. पुढे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून या तथाकथित आदिम जमाती म्हणजे मागे राहिलेले हिंदूच होत, हे साधार मांडले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या या मालवणच्या विद्वानाचे प्रतिपादन खोडून काढण्यापेक्षा ते न वाचणे पुढच्या पिढीच्या अभ्यासकांना अधिक सोपे वाटले असावे.

कालक्रम पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १९३० मध्ये कातकरी, कोळी, न्हावी आणि आगरी यांचे रक्त एका डोंगरावर सांडले. अवघ्या पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, प्रगणक वह्या घेऊन निघाले आणि त्यांच्या वहीत वनवासींसाठी वेगळ्या धर्माची सोय होती.

संघावर स्वातंत्र्यलढ्यापासून अलिप्त राहिल्याचा आरोप करणाऱ्यांनीही १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे पान उघडून पाहावे. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह आरंभला. त्याच जुलै महिन्यात, २१ तारखेला, डॉ. हेडगेवार यांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळजवळ जंगलचा कायदा मोडला आणि नऊ महिन्यांची शिक्षा स्वीकारून ते अकोल्याच्या कारागृहात गेले. मिठाचा सत्याग्रह विदर्भात करायचा तर समुद्र आणायचा कोठून? तेथे जंगल होते, आणि जंगलाचे दुःख गावोगाव होते.

एवढे सांगून छाती फुगवायची आणि थांबायचे, हे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. चिरनेरला खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या समाजाने स्वातंत्र्यानंतर आपल्या कातकरी बांधवाला काय दिले? वीटभट्टीवरची उचल आणि कोळशाच्या भट्टीवरचा धूर. पावसाळा संपला की वाड्या ओस पडतात, मुलांची शाळा सुटते, आणि फेडीचा हिशेब मालकाच्या वहीत राहतो. आज हा समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित जमातींच्या सूचीत आहे. महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी तो एक. इंग्रजांनी त्याला समाजापासून कागदावर तोडले. पनवेल-उरणच्या संपन्न घरांनी त्याला व्यवहारात तोडले. समरसतेच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवून परतताना वाटेतल्या कातकरवाडीत कधी पाऊल पडले होते का, हे ज्याचे त्याने तपासावे. इंग्रजी रकान्याला खरे उत्तर ग्रंथात मिळणार नाही, तेथे मिळेल.

आणि आता पुन्हा एकदा रस्ता आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई उरण तालुक्याच्या दाराशी आली. विरार-अलिबाग महामार्गिकेची आखणी याच टापूतून आहे. २०२४ सालीच कर्नाळा-साई-चिरनेर या नावाने १२४ गावांचे नवे नगर योजण्यात आले. विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. भूमिपुत्राने विकासाची किंमत किती मोजली आहे, हे १९८४ च्या जासईच्या गोळीबाराने या परिसराला एकदा दाखवून दिले आहे. परंतु ज्याच्या नावावर सातबारा आहे, तो मोबदल्यासाठी भांडू शकतो, वकील देऊ शकतो. ज्याचे झोपडे दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहे, त्या कातकऱ्याने काय दाखवावे?

२००६ चा वनहक्क कायदा त्याच्यासाठी आहे. त्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध करावा लागतो. पुरावा मागितला जातो, दाव्यांना त्रुटी लागतात, कागद परत येतात. चिरनेरच्या हुतात्मा स्मारकावर नवश्या महादेव कातकरी हे नाव कोरलेले आहे आणि तो कोणत्या जमिनीसाठी मेला, हे इंग्रज सरकारच्याच दप्तरात नोंदलेले आहे. दरवर्षी २५ सप्टेंबरला त्या स्मारकासमोर पोलीस बंदुकांची मानवंदना देतात, मंत्री आणि अधिकारी पुष्पचक्र वाहतात. २०३० मध्ये या घटनेला शंभर वर्षे होतील. तेव्हा सोहळा मोठा होईल यात शंका नाही. त्याआधी या १२४ गावांच्या हद्दीतील प्रत्येक कातकरवाडीची मोजणी पूर्ण करावी, वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढावेत, गावठाणाचे पट्टे कुटुंबाच्या नावे करावेत, आणि त्यानंतरच नव्या नगराचा आराखडा अंतिम करावा. जिल्हा प्रशासनाकडे ही मागणी घेऊन जाण्यासाठी सात गावांतील आठ हुतात्म्यांच्या वारसांइतका अधिकारी शिष्टमंडळ दुसरे नाही, आणि त्या शिष्टमंडळात आगरी, कोळी, नाभिक यांच्या जोडीने कातकरी पुढे बसलेला असला पाहिजे.