फटक्याची तालीम

बेसबॉलच्या मैदानावर 60 फूट 6 इंच अंतरावरून ताशी 90 मैलांच्या वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत येण्यास सुमारे चार दशांश सेकंद लागतात. आणि एवढ्या मुदतीत पाय केव्हा टेकावा, कंबर केव्हा फिरावी, मनगटे केव्हा सुटावीत, याचा विचार करावयास बुद्धीला अवसरच नसल्यामुळे, जे घडावयाचे ते पूर्वी अंगवळणी पडलेल्या सवयीच्या हुकुमानेच घडते. म्हणून तालीम हवी, याविषयी दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो तालमीचे मोल फटक्यांच्या संख्येवरून ठरविण्याच्या रूढीला. कारण सदोष फटका पाचशे वेळा मारणारा मुलगा मोठ्या श्रमाने आपला दोषच पक्का करीत असतो.

जपानच्या योमिउरी जायंट्स संघातील सादाहारू ओ या डावखुऱ्या तरुणाने 1961 साली अवघे 13 होमरन काढले. बळाची वाण नव्हती. वेळ साधत नव्हती. त्याचे वस्ताद हिरोशी अराकावा यांनी त्याला उजवा पाय उचलून एका पायावर उभे केले, आणि एका पायावर उभ्या असलेल्या मनुष्याने यत्किंचित उतावीळ केली तरी तोल जाऊन त्याची कसूर तत्क्षणी उघडी पडते. पुढे छताला टांगलेला कागद तलवारीने कापण्याचा अभ्यास आला. लोंबता कागद जोराने कापला जात नाही, तो केवळ बाजूला सरतो. पात्याची धार आणि हाताची गती एका रेषेत आली तरच तो दुभंगतो. वस्तादाने निवाडा सांगण्यापूर्वीच कागदाने तो दिलेला असे. 1962 साली ओ याचे होमरन 38 झाले. 1980 साली तो निवृत्त झाला, तेव्हा 868.

आपल्या वयाला न शोभणारी म्हणून मोठी मुले जिची उपेक्षा करतात, ती चेंडू ठेवण्याची उभी खुंटी, म्हणजे ‘टी’, मला याच कागदाची सख्खी बहीण वाटते. चेंडू निश्चल असल्यामुळे दोष पिचरवर ढकलता येत नाही. शरीरालगतचा चेंडू किंचित पुढे, दूरचा किंचित मागे ठेवून मारून पाहावा. बॅट चेंडूऐवजी खुंटीच्या रबरावर आदळली, किंवा चेंडू सरळ न जाता गिरक्या घेत बाजूला वळला, तर थांबावे आणि त्या एकाच दोषाचा शोध घ्यावा. अशा वेळी एका दुपारी वीसच फटके झाले, तरी शिक्षकाने मुलाला कामचुकार ठरवू नये.