परतीचा दिवस

भगिनींनो, सहलीला निघताना आपण डबे, औषधं, सगळं आठवणीनं भरतो. परतीच्या दिवसाची तयारी मात्र कुणी करत नाही. हैदराबादहून धाराशिवला येताना उमरगा मागे पडलं, की "आता आलंच घर!" म्हणून गाडी थांबवतच नाहीत. घर तर अजून शंभरेक किलोमीटर असतं आणि दुपारच्या जेवणानंतर गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येते ती नेमकी तेव्हाच. गाणी लावून झोप जात नाही हं! गाडी नळदुर्गला सावलीत लावावी, काचा उघड्या ठेवून त्यांना वीसेक मिनिटं डुलकी घेऊ द्यावी. तोवर मुलांना किल्ला दाखवावा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली बांधलेला पाणीमहाल पाहून मुलं हरखतात.

घरी पोचल्यावर पदर खोचायचा तो आपल्यालाच! म्हणून सहलीला निघण्याआधीच एका डब्यात तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ मापानं मिसळून ठेवावं. त्या रात्री खिचडी-पापड पुरे. पिशवीतले ओले कपडे तेवढे वाळत टाकावेत. बाकीच्या बॅगा सकाळी, सगळ्यांनी मिळून उघडाव्यात.