मूल्यांवर मालकीचा शिक्का

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांच्या भिंतींवर चार मूल्यांचे तक्ते झळकतात: लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि भिन्न धर्मश्रद्धांविषयी आदर व सहिष्णुता. या मूल्यांना कोणा समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांवर मारलेल्या ‘ब्रिटिश’ या शिक्क्याला.

हा शिक्का शिक्षणशास्त्रातून आलेला नाही, दहशतवादविरोधी खात्यातून आला आहे. २०११ च्या ‘प्रिव्हेंट’ धोरणात ही यादी मांडली गेली. २०१४ साली बर्मिंगहॅममधील शाळांविषयीचे एक निनावी पत्र गाजले आणि त्याच वर्षी या मूल्यांच्या प्रसाराच्या सूचना शाळांना धाडण्यात आल्या. २०१५ च्या कायद्याने तर मुलांना दहशतवादाकडे वळण्यापासून रोखण्याची जबाबदारीच शाळांवर टाकली. जिथे पाच वर्षांचे मूल अक्षरे गिरवते, तिथे शिक्षकाच्या हाती खडूबरोबर पाळतीचे कामही आले. मुसलमान मुलाने निष्ठा सिद्ध करायची आणि इतरांनी ती जन्मजात मिळाली असे मानायचे, हा धडा कोणत्या सहिष्णुतेचा? शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ च्या अधिवेशनात ‘प्रिव्हेंट’ शाळांतून मागे घेण्याची मागणी केली, ती उगाच नव्हे.

शिवाय ही मूल्ये ब्रिटिश राज्यकर्त्यांनी दिलेली देणगी नव्हे. १८१९ साली मँचेस्टरमध्ये संसदेत प्रतिनिधित्व मागणाऱ्या कष्टकऱ्यांवर घोडदळ घातले गेले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. जे मिळाले ते राज्यकर्त्यांशी झगडून मिळाले. आणि साम्राज्यात? इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण १८८० साली सक्तीचे झाले. हिंदुस्थानात त्याच दिशेने एक माफक पाऊल टाकणारे गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आज ब्रिटनमधील शाळांत शिकणाऱ्या मराठी मुलांना हा इतिहास त्या तक्त्यावर सापडणार नाही.

या शिकवणुकीची वर्गीय बाजूही झाकलेली राहिली नाही. भांडवलशाही नष्ट करण्याची इच्छा जाहीरपणे व्यक्त करणाऱ्या संघटनांचे साहित्य शाळांनी वापरू नये, असे २०२० साली शिक्षण खात्याने बजावले. अशा संघटनांना लोकशाही उलथू पाहणाऱ्यांच्या पंक्तीत बसवले. म्हणजे विचारस्वातंत्र्य मूल्य खरे, पण ते मालकवर्गाच्या कुंपणापर्यंतच!

सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ साली ब्रिटनमध्ये ४५ लाख मुले दारिद्र्यात होती. उपाशी पोटी वर्गात बसलेल्या मुलाला परस्पर-आदराचा अर्थ भिंतीवरच्या तक्त्यातून कळत नाही. शाळा त्याला पोटभर जेवू घालते की नाही, त्याच्या आईच्या भाषेला हसते की नाही, त्याच्या अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देते की त्याची नोंद करून ठेवते, यावरून तो कळतो. लोकशाही शिकवायची असेल तर आधी ती शाळेत नांदली पाहिजे. नांदत्या मूल्याला राष्ट्राच्या शिक्क्याची गरज पडत नाही.