हलगीला खुर्ची हवी!

हलगीवर प्रबंध लिहून या महाराष्ट्रात प्राध्यापक होता येते. हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवून होता येत नाही! जिच्या कडकडाटाशिवाय कुस्तीचा फड तापत नाही, पालखी देवळाबाहेर पडत नाही, तिच्या वादकाला विद्यापीठ ओळखते ते फक्त फाटकापर्यंत. पाहुण्यांच्या स्वागताला त्याला बोलवायचे, बिदागी हातावर टेकवायची आणि वर्गाचे दार लावून घ्यायचे! हा अन्याय आहे, आणि तो नियमांच्या आधाराने उजळ माथ्याने चालला आहे.

मातंग-होलारांची हलगी आणि सनई, गोंधळ्यांचे संबळ, वारल्यांचा तारपा, तमाशाच्या फडातली ढोलकी: मराठी मुलखाचा आवाज या माणसांनी घडवला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांच्या खटपटीने 1926 साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. या दोन मराठी माणसांनी गाणे दरबारातून शाळेत आणले, हे ऋण मोठेच. पण त्या शाळेचा उंबरठा ओलांडला तो मुख्यतः पांढरपेशांनी. ज्या मुसलमान उस्तादांनी बंदिशी जपल्या, गोव्याच्या ज्या कलावंत समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या, त्यांची लेकरे मागे पडली. लोककलावंताची तर गणतीच झाली नाही.

आज काय वेगळे आहे? प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत संगीताच्या शाखा चार: हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत आणि तालवाद्ये. लोकसंगीत अभ्यासक्रमातला एक घटक, स्वतंत्र शाखा नाही! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पारंपरिक कलावंतासाठी वेगळी वाट आहे खरी; पण तिच्या तोंडाशीच पदवी आणि आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी उभी आहे. ज्याने बापामागे यात्रा-जत्रा करत दहावीच अर्ध्यावर सोडली, त्याने ही पदवी आणायची कुठून? 2022 साली आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणले, त्याला पदवीची अट नाही. पण मुदत फार तर चार वर्षे, आणि मंजूर पदांशी संबंध नाही. म्हणजे पुन्हा पाहुणाच! राखीव जागा निघाली तर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा तयार, नाहीतर तासिका तत्त्वावर राबवून घेणे तयार.

यावर उपाय एकच: हात धरून वर्गापर्यंत नेणारी अधिछात्रवृत्ती. आज हाती काय पडते ते पाहा. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना 10,000 रुपये, दोन वर्षे. शेवटी अहवाल द्या आणि घरी जा. नेटमधून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या संशोधकाला मात्र 2023 पासून महिना 37,000 रुपये. मुसलमान आणि इतर अल्पसंख्य संशोधकांना आधार देणारी मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती 2022 च्या डिसेंबरात बंद करण्यात आली. त्याच वर्षी दलित विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती आणि वारसा हे विषयच वगळले. ज्यांनी हा वारसा अंगावर वाहिला, त्यांनीच त्याचा अभ्यास करायचा नाही! या निर्णयाला दुसरे नाव काय द्यायचे?

‘गुणवत्ता घसरेल’ अशी ओरड होईल. कोणाची गुणवत्ता? हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा मेळ ज्याने लहानपणापासून कानात साठवला, त्याच्याइतका लयीचा जाणकार कोणत्या परीक्षेने दिला आहे? ‘वाजवणे वेगळे, शिकवणे वेगळे’ असेही म्हणतील. अगदी खरे! म्हणूनच तर अधिछात्रवृत्ती हवी. स्वरलेखन, संशोधनाची शिस्त, अध्यापनाचा सराव, परीक्षेची इंग्रजी हे सारे शिकायला पाच-सहा वर्षे लागतात. त्या काळात घरची चूल पेटती ठेवणे हे सरकारचे काम आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य जीवनगौरव पुरस्कार देते, ते योग्यच. पण थकलेल्या हातांना शाल देणाऱ्या राज्याने कोवळ्या हातांना पुस्तक का देऊ नये?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि मुसलमान कलावंत घराण्यांतल्या मुलामुलींसाठी पदवीपासून पीएच.डी.पर्यंत अखंड अधिछात्रवृत्ती सुरू करा. संशोधनाच्या टप्प्यावर ती जेआरएफच्या बरोबरीची असू द्या. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवाला श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली आहे. फडातल्या आणि जत्रेतल्या वर्षांना ते द्या. नेटमध्ये लोकसंगीताची पाचवी शाखा काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे हट्ट धरावा. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आणि पुण्याचे ललित कला केंद्र यांसारखे विभाग राज्यभर उभारून त्यांत कायम पदे भरा, आणि अधिछात्रवृत्ती पुरी करणाऱ्याला त्या पदावर पहिला हक्क द्या.

26 जुलै 1902 रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. अल्लादिया खाँसाहेबांना राजाश्रय दिला तोही त्यांनीच. कलेला आश्रय आणि माणसाला हक्क या दोन्ही गोष्टी एकाच राजाने एकाच हाताने दिल्या. त्यांच्या नावाने दर भाषण सुरू करणाऱ्या राज्यकर्त्यांनी येत्या अर्थसंकल्पात या अधिछात्रवृत्तीची तरतूद करून दाखवावी. तेवढे होत नसेल, तर शाहूंचे नाव घेण्याचा अधिकार त्यांना उरत नाही!