नेट डेट? ही ती ‘डेट’ नव्हे!

‘अरे, छोटी कंपनी आहे, पण कर्जाचं टेन्शनच नाही. नेट कॅश!’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कटिंगसोबत अशी टिप हमखास मिळते. डीमॅट अकाउंट मोबाइलवर, पगार नुकताच जमा झालेला. बोट ‘बाय’कडे वळतंच. दोन मिनिटं थांबा. त्या ‘नेट’मध्ये काय दडलंय ते आधी बघू.

हिशेब शाळेतल्या वजाबाकीचा. एकूण कर्जातून हातातली कॅश वजा केली, की उरतं ते नेट डेट. ८० कोटींचं कर्ज, ५० कोटींची कॅश, तर नेट डेट ३० कोटी. कॅश जास्त असेल तर कंपनी ‘नेट कॅश’. आता व्याज, टॅक्स आणि घसारा काढण्याआधीचा वर्षाचा नफा, म्हणजे एबिटडा, २० कोटी असेल तर नेट डेट त्याच्या दीडपट. चालेल. छोट्या कंपनीत हाच आकडा तीन-चारपट झाला, की कपाळाला आठी पडायला हवी.

गोची पुढेच आहे. बॅलन्स शीट म्हणजे ३१ मार्चचा एक फोटो. आणि फोटोसाठी सगळेच नटतात!

लंडनच्या ‘पॅटिसरी व्हॅलेरी’ची गोष्ट बघा. १९२६ पासूनचं केक-पेस्ट्रीचं फेमस नाव. तिची मालक कंपनी तिथल्या छोट्या कंपन्यांच्या ‘एम’ या शेअर बाजारात लिस्टेड होती. मार्च २०१८ अखेर तिने नेट कॅश दाखवली २ कोटी ८८ लाख पौंड. ऑक्टोबरमध्ये लपवलेले ओव्हरड्राफ्ट बाहेर आले आणि कळलं, की प्रत्यक्षात ९८ लाख पौंडांचं नेट डेट आहे! जानेवारी २०१९ मध्ये कंपनी कोसळली. शेअरहोल्डरांच्या हाती भोपळा. ऑडिटरला २०२१ मध्ये दंड झाला, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

मग आपण काय बघायचं?

एक, व्याज. ५० कोटींची कॅश वर्षभर बँकेत असेल, तर दोन-तीन कोटी व्याज यायला हवं. ‘अदर इन्कम’च्या नोटमध्ये पन्नासच लाख दिसले, तर ती कॅश बहुधा ३१ मार्चपुरतीच पाहुणी आली होती. शिवाय एवढी कॅश असताना कंपनी महागडं कर्ज का बाळगतेय?

दोन, कॅश मोकळी आहे का? गॅरंटीपोटी बँकेकडे अडकलेली एफडी वापरता येत नाही. ती वजाबाकीत धरू नका.

तीन, कॅश फ्लो. नफा दरवर्षी वाढतोय, पण धंद्यातून रोकड येतच नाही? मग पैसे उधारीत किंवा स्टॉकमध्ये अडकलेत.

चार, प्रमोटरने स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का?

एकाच टेस्टवर मात्र विसंबू नका. ‘सत्यम’च्या रामलिंग राजूंनी जानेवारी २००९ मध्ये ५,०४० कोटींच्या खोट्या कॅशची कबुली दिली, तेव्हा त्यावरचं ३७६ कोटींचं व्याजही खोटंच निघालं होतं.

यातलं बहुतेक सगळं ॲन्युअल रिपोर्टमध्ये आणि बीएसईच्या साइटवर फुकट मिळतं. कंपनीला क्रेडिट रेटिंग असेल, तर एजन्सीचा अहवालही वाचा. एका रविवारची सकाळ जाईल, एवढंच. नवा फोन घेताना आपण याहून जास्त वेळ घालवतो, नाही का?