थर दिसले म्हणजे गाळ नव्हे

खडकांच्या वर्गीकरणात ‘स्तरित खडक’ ही संज्ञा गाळाच्या खडकासाठी रूढ असली, तरी सह्याद्रीच्या परिसरात ती काहीशी फसवी ठरते. कारण पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले येथील कडे स्पष्ट थरांचे दिसत असूनही ते बेसाल्टचे, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या अग्निजन्य खडकाचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला आणि एका प्रवाहावर दुसरा पसरत गेला, त्यामुळे कड्यांतला प्रत्येक थर हा निवलेला प्रवाह आहे, साचलेला गाळ नव्हे. लाव्हा लवकर निवल्याने त्यातील स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला नाही, म्हणून हा काळा कातळ बारीक कणांचा असतो. वायूंचे बुडबुडे अडकून राहिलेल्या त्याच्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्याने झिओलाइटसारखी खनिजे भरली.

पेण तालुक्यातील हमरापूर याच कातळाच्या प्रदेशात वसलेले असले, तरी गावाचा प्रसिद्ध मूर्तिव्यवसाय मात्र अगदी निराळ्या खडकावर उभा आहे. गणपतीच्या कारखान्यांत वापरले जाणारे प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्समपासून बनते. जिप्सम हा गाळाच्या खडकांतील एक विशेष प्रकार होय. तो वाहून आलेल्या कणांचा नसतो, तर खारे पाणी आटताना त्यात विरघळलेले क्षार तळाशी बसून तयार होतो. राजस्थानात नागौर व बिकानेर भागांत त्याचे साठे आहेत. पण ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी तिकडे जाण्याचे कारण नाही, खाडीकाठचे मिठागर पुरेसे आहे. समुद्राचे पाणी आटू लागले की आधी चुनायुक्त क्षार, सुमारे चार पंचमांश पाणी गेल्यावर जिप्सम आणि नऊ दशांश गेल्यानंतर मीठ खाली बसते. आगरात ज्याची रास घातली जाते ते मीठ, अशा रीतीने, या रांगेत जिप्समच्या मागून येते.

जिप्समच्या स्फटिकांत पाणी बांधलेले असते. सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यावर त्यातील तीन चतुर्थांश निघून जाते आणि उरलेल्या खडकाची पांढरी भुकटी होते. तीत पुन्हा पाणी मिसळताच सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून मिश्रण घट्ट होते. साच्यातून निघालेली मूर्ती रासायनिकदृष्ट्या पुन्हा जिप्समच असते, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली, त्यामागच्या विसर्जनाच्या वादाचे एक मूळ या सहज न विरघळण्याच्या गुणधर्मात आहे. मूर्तींसाठी वापरली जाणारी दुसरी सामग्री म्हणजे शाडू, ही गाळाचीच, पण खडक न झालेली माती. तिचे चपटे कण केवळ ओलाव्याच्या आधाराने चिकटून वाळलेले असल्यामुळे पाण्यात पडताच ते सुटू लागतात.

कातळाच्या देशात मूर्तीसाठी माती बाहेरून आणावी लागते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. बेसाल्टचीही झीज होऊन माती होते. परंतु त्या काळ्या मातीतील चिकणकण ओलाव्याने फुगतात आणि वाळताना आक्रसून तडकतात. शेतातल्या भेगा भाताचे पीक निघाल्यावर सोसता येतात, पण गणपतीच्या सोंडेला वा बोटांना त्या परवडण्याजोग्या नाहीत, आणि म्हणून शाडू गुजरातेतून येते.